आरडीएस घेतोयस तर आधी हे बघ

ॲमेझॉन आरडीएस म्हणजे ॲमेझॉनने क्लाउडवर सांभाळून दिलेला डेटाबेस. त्यात हार्डवेअर, पॅचिंग (सॉफ्टवेअर अपडेट), बॅकअप ही डोकेदुखी त्यांची. मंद क्वेरी, राहून गेलेला इंडेक्स आणि सताड उघडा सिक्युरिटी ग्रुप (डेटाबेसपर्यंत कोण पोहोचेल ते ठरवणारे नियम) मात्र तुझाच. साध्या मल्टी-एझेडमधल्या, म्हणजे वेगळ्या डेटा सेंटर-विभागात ठेवलेल्या, स्टँडबायवरून (राखीव प्रतीवरून) डेटा वाचता येत नाही, इथे बरेच नवखे फसतात. मूळ सर्व्हर पडला की साधारण एक-दोन मिनिटांत स्टँडबाय त्याची जागा घेते, एवढंच तिचं काम. वाचनाचा भार वाटायला रीड रेप्लिका (फक्त वाचायची प्रत) वेगळी घे, पण ती क्षणभर मागे असू शकते. ऑटोमॅटिक बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस टिकतात. रिस्टोअर जुन्यावर होत नाही, नवा इन्स्टन्स (डेटाबेस सर्व्हर) उभा राहतो, त्याचा एंडपॉइंटही (जोडणीचा पत्ता) नवा. एकदा सरावासाठी करून बघच. आणि हो, थांबवलेला इन्स्टन्स ७ दिवसांनी आपोआप सुरू होतो. थांबलेला असतानाही स्टोरेजचे पैसे लागतातच.