कुंदा (दूध आटवून करतात तो बेळगावचा गोड पदार्थ) करताना दुधात होतो तो बदल भौतिक की रासायनिक?

दोन्ही. दूध आटतं तो भाग बराचसा भौतिक: दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं, त्याची वाफ होऊन जाते. साखर विरघळणं हेही भौतिकच. (बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, त्यामुळे आपल्याकडं पाणी १०० नव्हे, ९७-९८ अंशांनाच उकळतं. उत्कलनबिंदू हवेच्या दाबावर ठरतो.)

चमचाभर दही घातलं की मात्र प्रकरण बदलतं. आम्लामुळं केसिनचे, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाचे, कण एकमेकांना चिकटतात आणि दूध दाणेदार फुटतं. पुढची गंमत कढईच्या कडेला बघा. पाणी भरपूर आहे तोवर तापमान शंभरीच्या वर जात नाही, रंगही फारसा येत नाही. कडेला, तळाला आटलं की तिथं ताप चढतो आणि उलथन्यानं खरवडलेली साय तांबूस, खमंग निघते. ही दुधातली साखर आणि प्रथिनं यांची अभिक्रिया. लुई कामीय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये ती मांडली. नवी संयुगं तयार होतात, म्हणून रासायनिक.

पेपरात ‘उलटवता येत नाही म्हणून रासायनिक’ असं लिहू नका. लाकूड चिरलं तरी परत जुळत नाही, पण तो बदल भौतिकच.