स्पीकरवर अण्णांचा पखवाज

प्रिय मावशी,

मी 19 वर्षांचा आहे. गाव मोहोळ तालुक्यात. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहतो. खोलीत आम्ही चौघं. बाकीचे तिघं मेटल ऐकतात, तेही एकदम हेवी. पहिल्या वर्षापासून मीही त्यांच्याबरोबर मान हलवत आलोय. बॅण्डची नावं पाठ केली, काळा टी-शर्टही घेतला. खरं सांगायचं तर मला त्यातलं काही कळत नाही.

आमच्या घरी भजन. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. दर एकादशीला मारुतीच्या देवळात भजन असतं. पखवाजाला लावायची कणीक घरून मळून न्यायचं काम लहानपणापासून माझं. अण्णा अजूनही मला मोबाइलवर रेकॉर्डिंग पाठवतात. मी ते रात्री इअरफोन लावून ऐकतो.

मागच्या महिन्यात एकाच्या वाढदिवसाला खोलीत पंधरा-वीस जण जमले होते. ब्लूटूथ स्पीकर चुकून माझ्या फोनला जोडला गेला आणि अण्णांचं रेकॉर्डिंग मोठ्याने वाजलं. सगळे हसून लोळले. कुणीतरी टाळ वाजवायची नक्कल केली. आमच्यातला एक ड्रम वाजवतो, तो तेवढा गप्प होता. मी पटकन बोलून गेलो, ‘घरच्या ग्रुपवर काहीही येतं रे.’ तेव्हापासून मला ‘बुवा’ म्हणतात. आता अण्णा फोनवर ‘ऐकलंस का परवाचं?’ विचारतात तेव्हा मी ‘वेळ नव्हता’ म्हणतो.

अजून एक. खालच्या मजल्यावर पहिल्या वर्षाचा एक मुलगा कोरियन पॉप ऐकतो. त्याला आम्ही फार चिडवतो. त्यात मी पुढे असतो.

खोली बदलू का? की माझी आवडच गावंढळ आहे?

बुवा

*

प्रिय बुवा,

तू सही याच नावाने केलीस, म्हणून मीही तेच वापरते, आणि मनापासून वापरते. आपल्याकडे ही पदवी उगाच कुणाला चिकटत नाही. तू ज्या पुण्यात शिकतोस, तिथेच भास्करबुवा बखल्यांनी 1911 साली भारत गायन समाज सुरू केला. एका घराण्याचा गवई आपली चीज दुसऱ्या घराण्याच्या कानावर पडू द्यायला राजी नसायचा, त्या काळात हा माणूस फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांपुढे शागीर्द म्हणून बसला. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, तिन्हीकडचं घेतलं. एवढी विद्या गाठीशी असताना नाटकातल्या पदांना चाली देतानाही त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढच्या वेळी कुणी ‘ए बुवा’ म्हणून हाक मारली की ‘ओ’ दे.

आता त्या वाढदिवसाबद्दल. माझं ऐकशील तर त्या खोलीत अण्णांचं भजन कुणी ऐकलंच नाही. किती सेकंद वाजलं असेल? दहा, पंधरा? पेटीचा सूर, टाळांचा आवाज, मोबाइलवर घेतलेलं घरगुती रेकॉर्डिंग, एवढं कानावर पडलं आणि एक जण हसला. त्याच्याकडे बघून दुसरा हसला, मग खोली हसली. घोळक्यात असंच होतं आणि ते पारखूनही झालेलं आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी 14 हजारांवर लोकांना इंटरनेटवर 48 गाणी ऐकायला दिली, सगळी अनोळखी बॅण्डची. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट पाडले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं, तो आकडा त्यांना दाखवला. 2006 साली हे निष्कर्ष छापून आले. गाणी तीच, पण आकडा दिसणाऱ्या गटांमध्ये कुठलं गाणं किती चाललं, ते गटागणिक बदललं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर आली नाहीत. मधली मात्र कुठल्या कुठे फेकली गेली, कारण लोक गाण्याच्या आधी शेजारच्याकडे बघत होते. तुझ्या खोलीत आकड्याच्या जागी हसू होतं, एवढाच फरक.

‘गावंढळ’ हा शब्द तू वापरलास, तो मला लागला. कुठलं संगीत हलकं हे ठरवणारी माणसं प्रत्येक काळात असतात, आणि त्यांच्या हातात सत्ता असली की ती बंदीही घालतात. तुमचं भजन जिच्याशिवाय उभं राहत नाही, त्या पेटीवर 1940 साली रेडिओने बंदी घातली होती. ती सैल व्हायला 1971 उजाडलं. एवढी वर्षं आपल्या रेडिओला पेटी चालत नव्हती आणि गावोगावच्या देवळांत ती रोज वाजत होती.

माझ्या घरीही असे पहारे होते. आमच्याकडे शास्त्रीय गाणं आणि नाट्यपदं चालायची. लावणी हा शब्दसुद्धा जेवताना कुणी काढत नसे. तिशीत असताना मी यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी समोर बसून ऐकली. बाई बसलेल्याच होत्या. एक ओळ घेतली आणि तीच पुन्हा म्हणताना नुसती भुवई उचलली, हाताचा पंजा किंचित फिरवला, तर त्या ओळीचा अर्थच पालटला. तिसऱ्यांदा तीच ओळ, पुन्हा निराळी. मी घरी आले आणि आईजवळ बसून रडले, कारण इतकी वर्षं हे मी न ऐकताच नाकारलं होतं. आई काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने तिने एक लावणी गुणगुणली. तिला अख्खी पाठ होती.

म्हणून मेटलबद्दलही मी तुला सोडणार नाही. ‘मला त्यातलं काही कळत नाही’ हे तू मोकळेपणाने लिहिलंस, ते आवडलं. पण दीड वर्ष मान हलवताना तू ते ऐकलं आहेस का? मला वाटतं, नाही. तू माना बघत होतास. ते ज्या गावातून आलं, ते तुला परकं वाटणार नाही. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, कारखान्यांचं आणि कामगारांचं शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा उजव्या हाताच्या बोटांनी दाबणारा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याच उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. आता गिटार संपली, असं धरून तो घरी बसला, तर कारखान्यातला मुकादम एक रेकॉर्ड घेऊन आला. पोराला ऐकायची इच्छा नव्हती, मुकादमाने हट्टाने लावली. जॅंगो राइनहार्ट या गिटारवाल्याची जॅझ होती. आणि वाजवणाऱ्याची डाव्या हाताची दोन बोटं भाजल्यामुळे निकामी झालेली आहेत, हे मुकादमाने मागाहून सांगितलं. आयोमीने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून सूर खाली आणला. त्याच्या ब्लॅक सबाथ या बॅण्डचा 1970 सालचा पहिला अल्बम आणि त्यानंतरचा तो जड, खोल आवाज या बोटांमधून आला. तुझे मित्र ज्याच्यावर जीव टाकतात, त्याच्या मुळाशी दुसऱ्याच जातीचं संगीत आहे, नको नको म्हणताना कुणीतरी ऐकवलेलं.

तेव्हा असं कर. त्या ड्रमवाल्या मित्राला एकट्याला गाठ. तुझ्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला माणूस तोच, कारण तो हसला नाही. मला वाटतं, त्याला ठेका ऐकू आला असेल. त्याला सांग, ‘मला मेटल कळत नाही, तुझ्या पसंतीचं एकच गाणं लाव आणि कुठे लक्ष द्यायचं ते सांग.’ आधी गाणाऱ्याचा आवाज सोडून दे, दोन्ही पायांनी वाजणाऱ्या मोठ्या ड्रमकडे कान लाव. देवळात वाढलेल्या तुझ्या कानाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आणि दुगण, म्हणजे दुप्पट लय, शिकवावी लागणार नाही. फोन बाजूला ठेवून तीन दिवस तेच गाणं ऐक. तरी नाही आवडलं तर ‘नाही आवडलं’ म्हण, बिनधास्त म्हण. तो टी-शर्ट तुझ्या अंगावर तेव्हाही शोभेल.

खोली बदलू नकोस. नव्या खोलीतही कुणीतरी काहीतरी ऐकत असणार आणि तू पुन्हा इअरफोन घालून झोपशील.

खालच्या मजल्यावरच्या त्या मुलाबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, तीही ‘अजून एक’ म्हणून. बाळा, तुझ्या वेळी टाळांची नक्कल करणारा जो कुणी होता, तो त्या मुलाच्या गोष्टीत तू आहेस. आपल्याकडे कुणी बघू नये म्हणून आपण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हे मला समजतं, पण त्या पोराला ते काय समजणार? याच आठवड्यात त्याच्या खोलीवर जा. चारचौघांत चिडवलंस, तर माफीही त्याच्या मित्रांदेखत माग. मोठं भाषण नको. ‘चुकलो, परत नाही होणार,’ एवढं पुरे. आणि तो काय ऐकत असेल ते पाच मिनिटं बसून ऐक.

आता अण्णा. ‘वेळ नव्हता’ हे तू घोळक्याशी नव्हे, त्यांच्याशी बोललास, आणि माझ्या मते तुझी झोप त्यानेच उडवली आहे. त्यांना सगळी हकिकत सांगायची गरज नाही. रेकॉर्डिंगमधली एखादी जागा धरून फोन कर. ‘अण्णा, गजराला लय वाढवलीत तेव्हा टाळवाले मागे पडले होते का?’ असं काहीतरी, जे ऐकल्याशिवाय विचारताच येत नाही. ते काय ते ओळखतील.

आणि एकादशी धरून गावी जाशील तेव्हा ड्रमवाल्याला बरोबर ने. ड्रमचा सूर वरचा पडदा किल्लीने ताणून लावतात. इथे पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापून, पाण्याचा हात लावत, जरा जास्त झाली तर खरवडून काढत तो खोल आवाज मिळवायचा, आणि भजन संपलं की सगळी कणीक काढून टाकायची. पुढच्या एकादशीला पुन्हा नवी. हे त्याला नुसतं सांगून कळणार नाही. त्या दिवशी कणीक त्यालाच मळू दे. सैल झाली तर अण्णा सांगतीलच.

तुझी,
मावशी