मासे मोजण्याआधी पहारा मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मासेमारी पूर्ण बंद असलेलं सुमारे १२ चौरस किलोमीटरचं नवं सागरी संरक्षित क्षेत्र, तळ खडक आणि प्रवाळाचा, हाताशी एक बोट, चार माणसं आणि त्यांतले दोन प्रशिक्षित पाणबुडे. काय मोजायचं, किती वेळा, आणि संरक्षणाचा उपयोग होतोय हे कशावरून ठरवायचं?

बहुतेक जण पाण्यात उतरून मासे मोजायला लागतात. मी आधी पहारा मोजायला सांगेन. समजा पाच वर्षांनी मासे वाढले नाहीत. मग एक तर संरक्षण मिळूनही ते सावरले नाहीत, किंवा संरक्षण मिळालंच नाही. पहाऱ्याची नोंद नसेल तर यांतलं खरं कोणतं हे कधीच कळत नाही. २०१४ साली सागरी परिसंस्थांचे अभ्यासक ग्रॅहम एडगर आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ८७ सागरी संरक्षित क्षेत्रांची तुलना केली. त्यांनी पाच गुण पाहिले: मासेमारी पूर्ण बंद, कडक अंमलबजावणी, १० वर्षांहून जास्त वय, १०० चौरस किलोमीटरहून मोठा आकार, आणि खोल पाण्याने किंवा वाळूने बाकी खडकापासून तुटलेलं असणं. ५९ टक्के क्षेत्रांत यांतले एक-दोनच गुण होते, आणि ती मासेमारी चालू असलेल्या पाण्यापेक्षा वेगळी दिसलीच नाहीत. तुमचं क्षेत्र लहान आहे, नवं आहे. मासेमारीबंदी कागदावर आहेच. आता तुमच्या हातात उरते ती अंमलबजावणी.

पहाऱ्याची नोंद म्हणजे पकडलेल्या बोटींची यादी नव्हे. यंदा २० बोटी सापडल्या आणि गेल्या वर्षी ८, यावरून चोरटी मासेमारी वाढली की गस्त वाढली हे सांगता येत नाही. प्रत्येक फेरीचा जीपीएस माग ठेवा. निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, हद्दीच्या आत घालवलेले तास, आणि काहीच दिसलं नाही तर ठळक शून्य. मग दर १०० गस्ततासांमागे किती उल्लंघनं, हा आकडा दिवस आणि रात्र वेगळे करून काढा. त्यातही एक मेख आहे: गस्तीची वेळ ठरलेली असली तर हा आकडा आपोआप खाली येतो, कारण बोट बंदरातून सुटली की बातमी तिच्याआधी पोचते. म्हणून महिन्याचे गस्तीचे दिवस फासे टाकून ठरवा, सुटण्याची जागा बदला, आणि निदान एक तृतीयांश तास रात्री व सुट्टीच्या दिवसांत घाला.

उपग्रहावर फार विसंबू नका. जहाजाची ओळख आणि जागा आपोआप प्रक्षेपित करणारं, उपग्रहालाही ऐकू येणारं एआयएस यंत्र आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना सक्तीचं आहे; तुमच्या हद्दीत जाळं टाकणाऱ्या छोट्या होडीवर ते बहुधा नसतंच. मोठी जहाजंसुद्धा ते बंद ठेवतात किंवा जाहीर करत नाहीत: २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश सार्वजनिक मागोव्यात दिसत नव्हती. लहान क्षेत्राला उंचावरची टेहळणी, चांगली दुर्बीण आणि नोंदवही जास्त उपयोगी.

हद्दीचे कोन अक्षांश-रेखांशात द्या आणि सरळ रेषांनी जोडा. 'किनाऱ्यापासून दोन किलोमीटर' किंवा '२० मीटर खोलीपर्यंत' अशी हद्द समुद्रात कुणालाच दिसत नाही, आणि वादात टिकत नाही. अंश-मिनिटं आणि दशांश अंश यांची गल्लत तर हमखास होते. १५ अंश ३०.५ मिनिटं हे कुणी १५.३०५ अंश असं लिहिलं, तर जागा साडेबावीस किलोमीटरच्या आसपास सरकते. कागदपत्रात एकच पद्धत वापरा आणि प्रत्येक कोनावर बोट नेऊन आकडा तपासा. हद्दीच्या बोयांचं म्हणाल तर साखळी तळावर लोळू देऊ नका. ती भरती-ओहोटीबरोबर गोल फिरते आणि प्रवाळ नाहीतर समुद्री गवत खरवडून काढते. खडकात पक्की पिन बसवा, दोराच्या मधोमध एक तरंगणारा गोळा लावा, म्हणजे दोर तळापासून उचललेला राहील. एका जोडणीत स्टेनलेस आणि गॅल्व्हनाइज्ड लोखंड एकत्र आलं की गॅल्व्हनाइज्ड भाग झपाट्याने झिजतो. बोया हरवण्याचं हे एक अगदी साधं आणि नेहमीचं कारण. दर तीन महिन्यांनी शॅकल, म्हणजे जोडणीची कडी, पाहा.

आता मासे. वर्षातून एकदा, पण दरवर्षी त्याच महिन्यात, भरतीच्या त्याच टप्प्यावर, सकाळी ९ ते दुपारी ३ च्या दरम्यान. वर्षातून चारदा अर्धवट मोजण्यापेक्षा हे बरं. ५० मीटरची टेप, दोन्ही बाजूंना अडीच मीटर, म्हणजे एका पट्ट्यात २५० चौरस मीटर. हेकरू, तांबोशी, पॅरटफिश असे मोठे, हिंडते मासे टेप उलगडता उलगडताच मोजायचे. आधी टेप लावून परत येऊन मोजलं तर बुजरे मासे निघून गेलेले असतात, आणि ते बाहेरच्या, शिकार होणाऱ्या जागी जास्त बुजतात; म्हणजे चूक दोन्हीकडे सारखी नसते. छोटे आणि दबून बसणारे मासे परतीच्या वाटेवर, एकेक मीटरच्या पट्ट्यात. एका ठिकाणी किमान पाच-सहा पट्टे, आतमध्ये चार ठिकाणं, बाहेर चार. बाहेरची ठिकाणं खोली, तळ आणि लाटांचा मारा यांत आतल्यांसारखी हवीत. दृश्यता पाच मीटरच्या खाली गेली तर त्या दिवशी मोजू नका.

खरी गोची लांबीच्या अंदाजात आहे. मुखवट्यातून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते. माशाचं वजन लांबीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे लांबी १० टक्के जास्त धरली तर वजन ३३ टक्के फुगतं, २० टक्के धरली तर ७३ टक्के. एका वर्षी पाणबुडा बदलला एवढ्यानेच 'मासे दीडपट झाले' असा अहवाल तयार होऊ शकतो. उपाय साधा आहे: १० ते ७० सेंटीमीटरचे प्लायवुडचे ३० मासे कापा, पाण्याखाली टांगा, आणि मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येकाला अंदाज लिहायला लावा. सरासरी चूक ५ टक्क्यांखाली येईपर्यंत पुन्हा. पट्ट्यावर माप पाच-पाच सेंटीमीटरच्या गटात लिहायचं.

पाणबुडे कमी असतील किंवा खोली जास्त असेल तर आमिष लावलेला कॅमेरा वापरा. सुमारे एक किलो ठेचलेले तारली किंवा तत्सम तेलकट मासे जाळीच्या पिशवीत, तळावर ६० मिनिटं, दोन कॅमेऱ्यांत निदान ४०० मीटर अंतर. मोजणी एकाच चौकटीत एकाच वेळी दिसलेल्या कमाल संख्येची, म्हणजे तोच मासा दोनदा मोजला जात नाही. आमिष मात्र वर्षानुवर्षं तेच ठेवा. गढूळ पाण्यात हाही मार्ग फसतो.

तळासाठी कायमच्या खुंट्या ठोका आणि २० मीटरच्या टेपवर दर अर्ध्या मीटरला खाली काय आहे ते लिहा. तापमानाची नोंदयंत्रं प्रत्येक ठिकाणी दोन, दर ३० मिनिटांना नोंद, सावलीत बांधलेली. उथळ पाण्यात ऊन थेट पडलं तर यंत्र स्वतःच तापतं. बसवण्याआधी बर्फाच्या पाण्यात शून्य तपासा. याचा उपयोग असा, की नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा एक अंश किंवा जास्त वर गेलेली उष्णता १२ आठवड्यांत साठत साठत ४ अंश-आठवड्यांवर (एक अंश जास्तीची उष्णता एक आठवडा टिकली की एक अंश-आठवडा) पोचली की प्रवाळ पांढरं पडू लागतं आणि ८ वर मरू लागतं. तेव्हा तळाची घसरण पहाऱ्याच्या माथी मारायची नाही.

निकालाची घाई नको. ज्यांची शिकार होत होती त्या माशांतली वाढ दिसायला सरासरी पाच वर्षं लागतात, आणि त्या माशांमुळे बाकी परिसंस्थेत होणारे बदल दिसायला सुमारे तेरा. न्यूझीलंडमधल्या ली इथलं क्षेत्र १९७५ साली जाहीर झालं. स्नॅपर मासे आणि शेवंड वाढले, त्यांनी शैवाल फस्त करणारे काटेरी सी अर्चिन खाल्ले, आणि उघड्या पडलेल्या खडकावर केल्प हे मोठं समुद्री शैवाल परतलं. ही साखळी पुरी व्हायला दशकं गेली. उलट मेक्सिकोच्या काबो पुल्मोमध्ये १९९९ ते २००९ या दहा वर्षांत माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं. पण तिथे गावच राखणदार होतं, त्यामुळे तो आकडा आपल्या अर्जात लक्ष्य म्हणून टाकू नका.

आतलं भागिले बाहेरचं, एवढ्या एका गुणोत्तरावर तर अजिबात जाऊ नका. बंदीमुळे तीच जाळी हद्दीबाहेर सरकली आणि बाहेरचे मासे घटले, तरी गुणोत्तर छान वर जातं. आतली रेषा आणि बाहेरची रेषा वेगवेगळ्या काढा. आत वाढ आणि बाहेर निदान स्थिर, असं असेल तरच 'उपयोग होतोय' म्हणा. बंदी लागू होण्याआधीची एक तरी मोजणी करता आली तर तिच्याशिवाय सुरुवात करू नका. आतली जागा मुळातच चांगली होती का, हे नंतर कुणी सांगू शकत नाही.

आणि नोंदी त्याच संध्याकाळी संगणकात भरा, पाण्याखाली लिहिलेल्या पाटीचा फोटो काढून. न दिसलेल्या प्रजातींच्या ओळी रिकाम्या सोडू नका, शून्य लिहा. रिकाम्या ओळीचा अर्थ 'पाहिलं नाही' की 'नव्हता', हे दोन वर्षांनी लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.