गुडघेदुखीच्या गोळीनं आईची साखर का वाढली?

तुम्ही लिहिलंत की गेवराईकडं तुमच्या आईला गुडघ्यासाठी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू आहे, म्हणजे साखर वाढण्याचं कारण बहुधा तेच. ही गोळी शरीरातल्या कॉर्टिसॉल या हार्मोनसारखी वागते. कॉर्टिसॉल मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून येतं. ते यकृताला ग्लुकोज बनवायला लावतं आणि स्नायूंवर इन्सुलिनचा प्रभाव कमी करतं. मग स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना जादा इन्सुलिन सोडावं लागतं. त्या कमी पडल्या की साखर चढते. सकाळी गोळी घेतली तर चढ बहुतेकदा दुपारनंतर दिसतो, म्हणून उपाशीपोटीच्या रिपोर्टवर विसंबू नका, दुपारच्या भाकरीनंतर दोन तासांनीही तपासा.

पण घाबरून गोळी एकदम बंद करू नका! काही आठवडे घेतली असेल तर अधिवृक्क ग्रंथींनी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी केलेलं असतं, आणि अचानक थांबवल्यास रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. डोस डॉक्टरांकडूनच हळूहळू उतरवून घ्या.