क्वार्टरबॅक बदलायचा का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

चार-पाच सामन्यांत दोन पराभव झाले की अमेरिकेतल्या कुठल्याही कॉलेज फुटबॉलच्या गावात एकच मागणी सुरू होते: क्वार्टरबॅक (संघाची चाल चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) बदला. मुलं तिकडे शिकायला गेल्यामुळे हा खेळ पाहू लागलेल्या मराठी वाचकांचे या वादावरचे काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचा क्वार्टरबॅक मागच्या सामन्यात सहा वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच चेंडूसह पाडला गेला. चूक त्याची की त्याच्यापुढच्या लाइनमधल्या, बचावपटूंना अडवणाऱ्या पाच जणांची, हे कसं ओळखायचं?

वेळ मोजा. सेंटरने (लाइनच्या मधल्या खेळाडूने) स्नॅप केल्यापासून, म्हणजे चेंडू मागे दिल्यापासून, पास सुटेपर्यंत साधारण अडीच सेकंद मिळतात. त्याआधीच कुणी अंगावर आलं, तर बहुतेक वेळा ब्लॉकिंग फसलेलं असतं. तीन-साडेतीन सेकंदांनंतरही चेंडू हातातच असेल आणि रिप्लेमध्ये एखादा रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळा दिसत असेल, तर ती सॅक क्वार्टरबॅकच्या खात्यात घाला.

याला एक अपवाद आहे, आणि नेमका तिथेच प्रेक्षकांचा गोंधळ होतो. अडवायला पाच जण आणि चाल करून आले सहा, तर एक जण मोकळा येणारच. त्या सहाव्याचा बंदोबस्त क्वार्टरबॅकने करायचा असतो. स्नॅपआधी ब्लिट्झ, म्हणजे अशी जादा माणसांची चाल, ओळखायचा आणि तो बचावपटू जी जागा सोडून आला तिथे लगेच पास टाकायचा. 2024 पासून वरच्या श्रेणीतल्या कॉलेज सामन्यांत हेल्मेटमधल्या रेडिओवरून कोचला बोलता येतं, पण स्नॅपची मुदत मोजणाऱ्या प्ले-क्लॉकवर 15 सेकंद उरले की तो बंद होतो. बचावफळी आपला खरा डाव बहुधा त्यानंतरच उघड करते. त्या वेळी जो मुलगा वारंवार चुकतो, त्याला बदलण्याची मागणी रास्त आहे.

आणखी एक खबरदारी घ्या. कॉलेजच्या नोंदींत सॅकमध्ये गेलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या रशिंगमधून, म्हणजे चेंडू घेऊन धावलेल्या यार्डांतून, वजा होतात. त्याच्या नावापुढे उणे यार्ड दिसले म्हणून त्याला पळता येत नाही असं समजू नका.

प्रश्न : पासर रेटिंग पाहून निर्णय घेता येईल का?

रेटिंग हाताशी ठेवा, पण निर्णय त्यावर सोडू नका. कॉलेजचं सूत्र सोपं आहे: यार्डांना 8.4 ने, टचडाउन (शेवटची रेषा ओलांडून गुण मिळवणाऱ्या) पासांना 330 ने आणि पूर्ण झालेल्या पासांना 100 ने गुणून बेरीज करा, इंटरसेप्शनला (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या पासांना) 200 ने गुणून त्यातून वजा करा आणि उत्तराला एकूण पासांनी भागा. यात सॅक नाहीत, फंबल (हातातून सुटलेले चेंडू) नाहीत. तिसऱ्या डाउनवर, म्हणजे 10 यार्डांसाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी तिसरीत, 9 यार्ड हवे असताना 4 यार्डांचा पास टाकला तरी रेटिंगमध्ये तो पूर्ण पास म्हणूनच जमा होतो. संघाला मात्र पंट करावा लागतो, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून सोडून द्यावा लागतो. तिसऱ्या डाउनवर नवा फर्स्ट डाउन (नव्या चार संधी) किती वेळा मिळतो, हे त्याहून जास्त सांगून जातं.

प्रश्न : सामना चालू असताना बदल करावा का? अलाबामा विद्यापीठाने तर राष्ट्रीय अंतिम सामन्यातच केला होता.

8 जानेवारी 2018 चा अटलांटातला तो सामना. मध्यंतराला जॉर्जिया 13-0 ने पुढे. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स तोवर अलाबामासाठी सुरुवातीपासून खेळलेल्या 27 पैकी 25 सामने जिंकला होता, पण त्या दिवशी 8 पासांपैकी 3 पूर्ण आणि 21 यार्ड, म्हणजे रेटिंग 59.6. कोच निक सेबन यांनी पहिल्या वर्षाच्या तुआ टॅगोवायलोआला उतरवलं. त्याचे 24 पैकी 14 पास, 166 यार्ड, 3 टचडाउन, 1 इंटरसेप्शन, म्हणजे रेटिंग 149.4. ओव्हरटाइममध्ये तो 16 यार्ड मागे सॅक झाला आणि पुढच्याच चालीत त्याने रिसीव्हर डेव्हॉन्टा स्मिथला 41 यार्डांचा टचडाउन पास टाकला. अलाबामा 26-23 ने जिंकलं.

ही गोष्ट सांगणारे दोन बाबी गाळतात. तुआ त्या हंगामात आधीच्या अनेक सामन्यांत उत्तरार्धात खेळला होता, त्यामुळे तो कोरा नव्हता. शिवाय त्याने इंटरसेप्शन दिल्यावरही सेबन यांनी त्याला परत बसवलं नाही. कॉलेजचा मध्यंतर साधारण 20 मिनिटांचा असतो आणि त्यात नवी योजना बसवता येत नाही. मूळ योजनेतल्याच ज्या चाली राखीव मुलाने सरावात केल्या आहेत, तेवढ्याच चालतात. तुआ डावखुरा. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा) राखतो, डावखुऱ्याची राइट टॅकल (उजव्या टोकाचा). म्हणजे एक माणूस बदलला तरी लाइनमधल्या दोघांचं काम बदलतं.

म्हणूनच, दुखापत नसेल तर, बदल आठवड्याच्या सुरुवातीला करावा, मधे सुट्टीचा आठवडा आला तर फारच उत्तम. हंगामात सराव आणि बैठका मिळून आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे. नवा मुलगा सोमवारी ठरला तर ते तास त्याला मिळतात, गुरुवारी ठरला तर बरेचसे आधीच खर्च झालेले असतात.

प्रश्न : क्रिकेटमध्ये गोलंदाज आलटून-पालटून वापरतात. इथे दोन क्वार्टरबॅक का नाही?

कारण पास क्वार्टरबॅक एकटा पूर्ण करत नाही. रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू हातातून सुटलेला असतो. तो ताल एकाच मुलाबरोबर शेकडो वेळा सराव करून येतो, आणि दोघांत सराव वाटला की दोघांबरोबरही कच्चा राहतो. स्नॅपची हाकसुद्धा प्रत्येकाची वेगळी लागते, मग लाइनमधला कुणी आधीच हलतो आणि 5 यार्डांचा दंड बसतो. एक-दोन यार्ड हवे असताना चांगला पळणारा दुसरा मुलगा दोन-चार चालींपुरता आणणं चालतं. त्यापलीकडे नको.

प्रश्न : ज्याला बसवलं त्याचं काय? तो संघ सोडून जाईल ना?

जाऊ शकतो, आणि निर्णय घेण्याआधी कोचने हे धरूनच चालायला हवं. क्लेमसन विद्यापीठाने 24 सप्टेंबर 2018 ला क्वार्टरबॅक केली ब्रायंटच्या जागी ट्रेव्हर लॉरेन्सला निवडलं. तोवर चारच सामने झाले होते. त्याच वर्षीच्या नव्या नियमाने चार सामन्यांपर्यंत खेळूनही कॉलेजमध्ये खेळण्याच्या मर्यादित वर्षांतलं एक वर्ष वाया जात नव्हतं, म्हणून ब्रायंटने लगेच संघ सोडला. पुढच्याच शनिवारी सिरॅक्यूझविरुद्ध लॉरेन्स जखमी झाला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या चेस ब्राइसला उतरावं लागलं. चौथ्या डाउनवर 6 यार्ड हवे असताना त्याने पास पूर्ण केला आणि क्लेमसन 27-23 ने निसटलं. पुढे तो संघ 15-0 ने विजेता ठरला, पण ब्राइस तयार नसता तर तो हंगाम त्याच शनिवारी वेगळ्या वाटेने गेला असता. पहिला बदलायचा विचार असेल तर तिसऱ्याचा सराव त्याआधी वाढवा.

हर्ट्स मात्र थांबला. 1 डिसेंबर 2018 ला, पुन्हा जॉर्जियाविरुद्धच, तुआ जखमी झाल्यावर चौथ्या क्वार्टरमध्ये तो आला. एक टचडाउन पास, मग स्वतः 15 यार्ड धावून दुसरा टचडाउन, आणि अलाबामा 35-28 ने विजयी. पदवी घेऊन तो पुढच्या हंगामात ओक्लाहोमाकडून खेळला आणि हाइझमन पुरस्कारात (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या) दुसरा आला. असा मुलगा टिकवायचा असेल तर निर्णय त्याला आधी, समोर बसवून आणि कारणासह सांगावा. संघाला नंतर, पत्रकारांना सगळ्यात शेवटी. आणि दुसऱ्याच दिवशीच्या सरावात त्याच्या वाट्याला किती चाली येतील, तो आकडाही त्याच बैठकीत द्यावा.