तुमचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं : गरोदरपण, मीठ आणि थायरॉईड

प्रश्न : सुनेला दुसरा महिना लागलाय. आमच्याकडे पहिल्यापासून खडे मीठ, हल्ली थोडं सैंधवही. गलगंड घरात कुणालाच नाही. तरी मीठ बदलायचं का?
– एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : हो ताई, आजच बदला, आयोडीनयुक्त मीठ आणा. गळा फुगला नाही म्हणजे आयोडीन पुरतंय असं समजू नका. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस कामाला लागते. तोवर मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन (थायरॉईड ग्रंथीत बनणारं संप्रेरक) सगळं आईकडून येतं आणि ते आयोडीनशिवाय बनत नाही. या काळात मोठी कमतरता राहिली तर बाळाच्या बुद्धीवर आणि ऐकण्यावर होणारा परिणाम पुढे औषधाने भरून निघत नाही. म्हणूनच आम्ही घाई करतोय. शिवाय धो धो पावसाच्या डोंगरउतारांवर मातीतलं आयोडीन धुऊन जातं, मग तिथल्या भात-नाचणीतही ते कमीच उतरतं.

एरवी मोठ्या माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम लागतं, गरोदरपणी 250. आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम असावंच लागतं, म्हणजे सपाट चमचाभर, 5 ग्रॅम मिठातून निदान 75 मायक्रोग्रॅम मिळतं. उरलेल्यासाठी मीठ वाढवू नका, रक्तदाब वाढेल. दूध, दही, अंडी, चालत असेल तर समुद्राची मासळी द्या. आयोडीनची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह बघून घ्या. मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीच्या वाफेपासून लांब ठेवा; ओल लागली की आयोडीन कमी होत जातं. भाजीत मीठ शेवटी घातलेलं बरं. आयोडीन न मिसळलेल्या सैंधवात ते नगण्य असतं. लोणच्याला खडे मीठ राहू दे, रोजच्या आमटीला नको.

प्रश्न : मला थायरॉईड कमी असल्याची गोळी चालू आहे. आयोडीनचं मीठ बंद करू का? कोबीही सोडलाय.
– एक वाचक, मिरज (जि. सांगली)

उत्तर : मीठ बंद करू नका. शिजवलेला कोबी नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा. गोळीकडे मात्र नीट लक्ष द्या : सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्ता त्यानंतर किमान अर्ध्या तासाने. लोह किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या, नाहीतर गोळीतलं थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही आणि रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) वाढलेलंच दिसतं. समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. जादा आयोडीननेही ग्रंथी बिघडते.