‘नेड केली’ या जुन्या ऑस्ट्रेलियन टीव्ही नाटकात दाखवलेला न्याय कितपत खरा आहे?

तुमचे प्रश्न दोन आहेत: नाटककार डग्लस स्ट्यूअर्ट यांनी नेड केली या एकोणिसाव्या शतकातल्या दरोडेखोराला उगाच नायक केलंय का, आणि त्या काळच्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीत न्याय नावाची काही चीज होती का?

मूळ नाटक १९४२ची पद्य श्रुतिका. एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी प्रसारण संस्थेने १९५९ मध्ये ते टीव्हीवर आणलं. ऑस्ट्रेलियात टीव्ही येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. स्टुडिओत घोडदौड दाखवणं अवघड, पण या नाटकाची सगळी मदार बोलण्यावर आहे, त्यामुळे ते त्या माध्यमाला मानवणारंच होतं. नायक करण्याचा आरोप मला पटत नाही. जेरिल्डरी गावच्या बँकेतल्या दरोड्यापासून, तो पकडला गेला त्या ग्लेनरोवनच्या चकमकीपर्यंत केलीची बढाई आणि क्रूरपणा दोन्ही आपल्यासमोर येतात.

माझी तक्रार वेगळी आहे. नाटक ग्लेनरोवनला थांबतं, आणि न्यायाचा खरा प्रश्न सुरू होतो तो त्याच्या पुढे-मागे.

ऑक्टोबर १८७८ मध्ये स्ट्रिंगीबार्क क्रीकला केनेडी, लॉनिगन आणि स्कॅनलन हे तीन पोलीस केलीच्या टोळीकडून मारले गेले. केनेडी आणि लॉनिगन लेकुरवाळे होते, हे विसरून चालणार नाही. पण त्यानंतर वसाहतीने घाईघाईने जो कायदा केला तो भयंकर होता. ठरलेल्या मुदतीत हजर झाला नाहीत, तर कोणीही तुम्हाला इशारा न देता गोळी घालावी! खटला नाही, पुरावा नाही. फेब्रुवारी १८७९ मध्ये जेरिल्डरीत केलीने पोलिसांना त्यांच्याच कोठडीत डांबलं, आणि आपली कैफियत छापून घ्यायला तो छापखानेवाल्याला शोधत राहिला. छापखानेवाला पळून गेला होता. शेवटी जवळपास आठ हजार शब्दांचं ते पत्र बँकेच्या हिशेबनिसाच्या हाती दिलं. केलीच्या हयातीत ते पूर्ण छापलं गेलंच नाही. बंदूक हातात असलेल्या माणसाला छापखाना हवा होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आणि मग १८८०चा खटला. न्यायाधीश रेडमंड बॅरी. दोन वर्षांपूर्वी नेडच्या आईला, एलनला, तीन वर्षांची सक्तमजुरी ठोठावणारे हेच. बचावाचा वकील बिंडन अगदी नवखा. स्वसंरक्षणाचा मुद्दा ज्युरीपुढे नीट मांडलाच गेला नाही. दोन दिवसांत लॉनिगनच्या खुनाबद्दल फाशी. ११ नोव्हेंबरला मेलबर्नच्या तुरुंगात ती दिली, तेव्हा एलन त्याच तुरुंगात शिक्षा भोगत होती.

केली निर्दोष होता असं मी म्हणत नाही. पण निर्दोष नसलेल्या माणसालाही धड खटला मिळायला हवा होता, आणि तो त्याला मिळाला नाही. म्हणून नाटकाची संहिता मिळवून वाचाच, पण सोबत जेरिल्डरीचं पत्रही वाचा. मूळ हस्तलिखित मेलबर्नच्या राज्य ग्रंथालयात आहे आणि त्याची पानं ऑनलाइन पाहता येतात.